मिनिमम ड्यू, मॅक्झिमम दिवाळी

दिवाळी कधी आहे, हे कालनिर्णय 1973 पासून वर्षभर आधी छापून सांगतंय. तरीही नोकरदाराच्या घरात ती दरवर्षी अचानकच येते. गणपती जातात, घट उठतात, कोजागरीचं दूध आटतं आणि मग साक्षात्कार होतो: अरे, दिवाळी तोंडावर आली की! ज्या खर्चाच्या तयारीला बारा महिने हाताशी होते, त्याला आपण 'अचानक आलेला खर्च' म्हणतो आणि खिशातून कार्ड काढतो.

त्याआधी अर्थात घरात एक ठराव होतो. 'यंदा मात्र हात आखडता घ्यायचा.' एकमताने मंजूर. गेल्या दिवाळीतल्या टीव्हीचे हप्ते अजून चालू असल्यामुळे विरोधाला कुणी उभं राहत नाही. मग कपातीला सुरुवात होते. ती कुठून होते, हे बघण्यासारखं असतं.

घरकामाच्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्त द्यायचा असतो, तो अर्धा होतो. वॉचमनचं पाकीट पातळ होतं. गावाकडच्या आत्याला साडीऐवजी ब्लाउजपीस जातो. पणत्यावालीशी डझनामागे दहा रुपयांसाठी घासाघीस होते. या सगळ्यातून चार हजार वाचले की काटकसरीचं पुण्य पदरात पडतं, आणि त्या पुण्याच्या जोरावर साठ हजारांचा फोन घेतला जातो. हप्त्याने.

याबद्दल एकट्या मध्यमवर्गाला बोल लावणं बरं नाही. यथा राजा. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनकार्डावर 100 रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला होता: रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज 9.32 लाख कोटींवर जाईल असा अंदाज मांडला गेला, आणि त्या दिवाळीत ही पिशवी काही आली नाही. ज्याचा आवाज लहान त्याचा खर्च आधी कापायचा, यावर मंत्रालय आणि वन बीएचके यांचं संपूर्ण एकमत आहे.

आता त्या कार्डाचं बघू. समजा मागचे 40 हजार थकलेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 1,400 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 252. आपण मोठ्या जबाबदारीने मिनिमम ड्यू म्हणून 2,000 भरतो आणि छाती फुगवतो. मुद्दल किती फिटलं? 348 रुपये. बाकीच्या पैशांत बँकेची दिवाळी झाली. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणजे कार्डावर घेतलेल्या चकलीच्या भाजणीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षाला 42 टक्के दराने तळलेली चकली खुसखुशीत झाली नाही तर नवल नको. आणि आपण खूश कशावर? पाच टक्के कॅशबॅकवर.

'पण मी नो कॉस्ट ईएमआयवर घेतो,' असं सांगणारा एक हुशार भावोजी प्रत्येक घरात असतोच. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते; व्याज कुठल्या तरी फीमध्ये लपवलेलं असतं. बाजाराने ते मनावर घेतलं आणि पाटी बदलली. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीच बऱ्याचदा व्याजाच्या खात्यात वळती होते, व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी बसतो, वर प्रोसेसिंग फी. भावोजी मात्र दोन दिवाळ्या त्या फोनवरून त्या फोनचेच हप्ते भरतात.

बोनसची कथा आणखी करुण. कायद्याने किमान बोनस 8.33 टक्के ठेवलाय, म्हणजे हिशेबाला धरलेल्या पगाराचा बारावा हिस्सा. बोनस एकदाच येतो, पण खर्च चारदा होतो. एकदा सोफ्यासाठी, एकदा गोव्याच्या बुकिंगसाठी, एकदा मुलाच्या सायकलसाठी. आणि 'यंदा बोनसमधून कार्ड मिटवून टाकतो' असं बायकोला सांगताना चौथ्यांदा. यातला शेवटचा खर्च तेवढा प्रत्यक्षात होत नाही.

धनत्रयोदशीला तर कळस. घरच्या बांगड्या पतसंस्थेत गहाण, पावती कपाटाच्या लॉकरमध्ये, आणि आपण सराफाच्या दारात रांगेत. का, तर मुहूर्ताला एक ग्रॅम तरी घ्यावं. त्या ग्रॅमवर घडणावळ द्या, 3 टक्के जीएसटी द्या, आणि तिकडे गहाणावरचं व्याज चालूच ठेवा. तेच पैसे पतसंस्थेत भरले असते तरी घरी सोनंच आलं असतं, तेही घडणावळीशिवाय. पण गहाण सोडवल्याचा फोटो स्टेटसला ठेवता येत नाही.

खरं दुखणं इथेच आहे. बेरीज-वजाबाकी आपल्याला येते. अडचण अशी की खर्च चारचौघांत होतो आणि कर्ज पासवर्डच्या आड राहतं. फोन दिसतो, त्याचा हप्ता दिसत नाही. म्हणून कात्री नेहमी अशा ठिकाणी चालते जिथे बघणारं कुणी नाही. मावशींचा अर्धा पगार कापला, हे कोण बघतं?

आणि गंमत म्हणजे या सगळ्यात दिवाळीचं बजेट पाळणारी एकच व्यक्ती असते: त्या मावशी. त्यांनी दिवाळी भिशी लावलेली असते. आठवड्याला शंभर रुपये, पन्नास आठवडे, दसऱ्याच्या आसपास पाच हजार हातात. त्यांचा फराळ कढईत पडण्याआधीच फिटलेला असतो. मालकीणबाईंचा शिमग्यापर्यंत फिटत राहतो. आर्थिक साक्षरतेचं व्याख्यान मात्र मालकीणबाई देतात.

तेव्हा फुकटचे चार सल्ले, प्रोसेसिंग फी नाही. मावशींचा पूर्ण पगार सगळ्यात आधी काढून ठेवा. स्वतःच्या हौसेला कात्री त्यानंतर लावायची आहे. बोनस आला की सोफा बघण्याआधी सगळ्यात महाग कर्जावर टाका, आणि ते बहुधा कार्डच असतं. पाडवा झाला की पुढच्या दिवाळीची भिशी सुरू करा, मावशी नाव नोंदवून देतील.

चौथा सल्ला धाडसाचा. लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाच्या वह्या पुजतात. आपल्याकडे वही नाही, पण स्टेटमेंट आहे. ते पाटावर केरसुणीशेजारी ठेवा आणि आरतीआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मुलांनाही ऐकू दे. भाऊबीजेला बहिणीला सरळ सांगा, 'ताई, यंदा कर्ज फेडतोय, ओवाळणी पाचशेच.' तिचा चेहरा पडेल ही भीती सोडा. तुमच्या पाच हजारांच्या ओवाळणीची बरोबरी करायला तिनेही तुमचा शर्ट कार्डावरच घेतलेला असतो.

हे जमणार नसेल तर निदान एक कबूल करा. तुमचं कर्ज पैशापैशापर्यंत ठाऊक असूनही तुम्हाला अगदी मनापासून 'शुभ दीपावली' म्हणणारं जगात एकच आहे: तुमची बँक. तिला खरंच वाटतं की तुम्ही दणक्यात साजरी करावी.