आईचं खोकं, मिलानचा पानेत्तोने

इटलीच्या दक्षिणेतल्या आयांचा एक ठाम समज आहे: मिलानमध्ये खायला मिळत नाही. शहर असेल श्रीमंत, असतील तिथे फॅशनचे बादशहा. पण आपलं पोरगं तिथे नोकरीला गेलं म्हणजे त्याच्या पोटाचे हाल ठरलेले. म्हणून कालाब्रिया, पुलिया, सिसिलीतून सणासुदीला आणि एरवीही पुठ्ठ्याची खोकी उत्तरेकडे निघतात.

हे खोकं भरणं येरागबाळ्याचं काम नाही. तळाला ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा. त्यावर टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या, प्रत्येकीच्या अंगात वडिलांचं जुनं बनियन. मग तेलात मुरवलेली वांगी, तराल्ली नावाची खुसखुशीत कडी, ओरेगानोची वाळलेली जुडी आणि एन्दुया. एन्दुया म्हणजे डुकराच्या मांसात भरमसाट लाल मिरची घालून केलेलं, पावावर लोण्यासारखं पसरणारं सॉसेज. कालाब्रियाच्या माणसाला ते सौम्य लागतं, मिलानच्या माणसाला घाम फोडतं. एवढं भरूनही कुठे बोटभर फट राहिलीच, तर तिथे लसणाचा गड्डा. यातली बहुतेक प्रत्येक वस्तू मुलाच्या घराखालच्या सुपरमार्केटात मिळते. पण फोनवर तसं म्हणण्याची त्याची छाती होत नाही.

ही ने-आण जुनीच. १९५० आणि ६०च्या दशकांत दक्षिणेतली माणसं तुरीनच्या फियाट कारखान्यात कामाला निघाली, तेव्हा सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या सुटकेसींतून चीज आणि सलामी आगगाडीने उत्तरेत पोचत असे. पुढे विमानं स्वस्त झाली खरी, पण २००६ साली युरोपने हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत द्रव नेण्यावर बंदी घातली. टोमॅटोचा रस हा द्रव आहे, हे विमानतळावरच्या शिपायाशी वाद घालून अनेक आयांनी शेवटी मान्य केलं, पण मनापासून नाही. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या बसवर त्यांचा जास्त विश्वास. आपल्याकडे तालुक्याला शिकणाऱ्या पोराचा डबा एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हवाली करावा, तसं खोकं बसवाल्याकडे सोपवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलानच्या लाम्पुन्यानो बसस्थानकावर पोरगं डोळे चोळत ते उतरवून घेतं.

बाटलीतला तो रस म्हणजे पास्साता. तो विकत आणणं हा दक्षिणेतल्या कित्येक घरांत कुळाला बट्टा. ऑगस्टात एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी आजारी पडायची कुणाला परवानगी नसते. पहाटे अंगणात टोमॅटोचे ढीग, कधी क्विंटलभर, कधी दोन. बायका धुतात, चिरतात, उकडतात. पुरुष साल-बिया वेगळ्या करणाऱ्या यंत्राशी उभे राहून दिवसभर ‘यंत्र सांभाळतात’. साल एकदा पिळायची की दोनदा, यावर दरवर्षी तेच भांडण होतं आणि दरवर्षी आजी जिंकते. प्रत्येक बाटलीत बेझिलचं एक पान, वर बूच, आणि मग सगळ्या बाटल्या मोठ्या पिंपात. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये चिंध्या. पिंपाखाली जाळ. उकळून झाल्या तरी लगेच काढायच्या नाहीत. त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यायच्या. अंधारात ‘फट्’ असा आवाज आला की अंथरुणातूनच कुणीतरी म्हणतं, “एक गेली!”

घरगुती बरण्यांचा पसारा एवढा, की देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला त्यासाठी मार्गदर्शिका काढावी लागली. मामला हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. म्हणून वांगी तेलात घालण्याआधी व्हिनेगरमध्ये उकळून घ्यायची. आंबटात त्या जंतूचं काही चालत नाही. आज्यांना यात नवल वाटत नाही. व्हिनेगरची बाटली पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच हातात आहे. सरकारला आता कळलं, एवढंच.

बेझिल ही आपल्या तुळशीची भावकी, पण सिसिलीत तिची संगत जरा भयंकर आहे. तिथे नव्या घरासाठी भेट द्यायची वस्तू म्हणजे चिनीमातीची रंगीत कुंडी, तीही माणसाच्या डोक्याच्या आकाराची. दंतकथा अशी: पालेर्मोच्या काल्सा भागातली एक मुलगी एका मूर तरुणाच्या प्रेमात पडली. त्याला मायदेशी बायको आणि मुलं आहेत हे कळताच तिने झोपेत त्याचं डोकं उडवलं आणि त्यात बेझिल लावलं. झाड इतकं तरारलं, की शेजाऱ्यांनी कुंभाराकडून तशाच कुंड्या करून घेतल्या. काल्ताजिरोने गावचे कारागीर आजही त्या घडवतात आणि लग्न झालेल्या जोडप्यांना त्या हौसेने दिल्या जातात. नवरदेवाने त्यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

आता उत्तरेकडून परतफेड. नाताळात घरी जाणारा मुलगा हातात पानेत्तोने घेऊन उतरतो. बेदाणे आणि पाकवलेली फळं घातलेला, डोक्यावर घुमट असलेला हा मिलानचा गोड पाव. घरी करायचा तर हात टेकावे लागतात. आंबवण रोज पोसायचं, पीठ दोनदा मळायचं, भाजून झाल्यावर घुमट बसू नये म्हणून सळया खुपसून तो तासन्‌तास उलटा टांगायचा. विकतच्याची मात्र सरकारच हमी देतं: २००५च्या सरकारी नियमानुसार त्यात किमान सोळा टक्के लोणी आणि वीस टक्के बेदाणे-फळं नसली, तर दुकानदाराला त्याला पानेत्तोने म्हणून विकता येत नाही. त्यामुळे सगळे तो विकतच आणतात. आणि इथेच फरक पडतो. आईची वांगी कुणी दुसऱ्याला देत नाही; ती खावी लागतात, कशी झाली ते सांगावं लागतं, वर रिकामी बरणी परत न्यावी लागते. पानेत्तोनेचा खोका मात्र न उघडताच मावशीकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून शेजाऱ्याकडे असा हिंडत राहतो.

तरीही उरलेल्या पानेत्तोनेंची सोय मिलानने केली आहे. ३ फेब्रुवारीला घशाचे रक्षक संत ब्याजो यांचा दिवस. त्या सकाळी नाताळातल्या पानेत्तोनेचा शिळा तुकडा खाल्ला, की वर्षभर घसा धरत नाही, अशी श्रद्धा. दुकानदारही उरलासुरला माल त्याच दिवशी स्वस्तात काढतात. यामागची कथा अशी, की एका बाईने नाताळाआधी आपला पानेत्तोने आशीर्वादासाठी देसिदेरिओ नावाच्या साधूकडे ठेवला. साधूबुवा विसरले आणि जाता-येता कुरतडत त्यांनी तो संपवला. नेमक्या ३ फेब्रुवारीला बाई दारात! रिकामं वेष्टन दाखवायला ते तिला खजील होऊन आत घेऊन गेले, तर तिथे पहिल्याच्या दुप्पट मोठा पानेत्तोने. संतांचाच चमत्कार. तेवढ्या मोठ्या पानेत्तोनेचं बाईने पुढे काय केलं, हे कथेत नाही. बहुधा नणंदेला भेट दिला असावा.