जावयाला पाव

आमच्या कळवणात पावाची लादी हातात घेऊन कोणी रस्त्याने चाललं, की समोरचा थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "कोण आजारी आहे?" मिसळ, वडापाव, पावभाजी हे सगळं आता गावात मिळतं आणि लोक ते धडधाकट प्रकृतीने खातात, पण गाडीवर, हॉटेलात. घरात पाव शिरला तो दवाखान्याच्या वाटेने. ताप आला की डॉक्टर सांगायचे, "भाकरी बंद, दूध-पाव द्या." त्यामुळे माझ्या आईच्या जिभेवर पावाची चव अजून तापाच्या गोळीला चिकटूनच आहे.

तिच्या आधीच्या पिढीचं तर नावच काढायला नको. पोर्तुगिजांनी गोव्यात पाव आणला. खमीर मिळेना म्हणून तिथल्या पदेरांनी माडाची सूर पिठात घातली आणि पीठ फुगवलं. हा खरं तर केवढा मोठा शोध. पण आमच्याकडे पोचली ती गोष्ट वेगळीच: विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि नकळत पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला. पाव यायच्या आधी त्याची बदनामी घाट चढून आली होती.

अशा घरात आमच्या कन्येचा नाशिकहून फोन आला. "बाबा, रविवारी आम्ही दोघं येतोय. जेवणाचा घाट अजिबात नको. साधा ब्रंच करू. साडेदहापर्यंत पोचतो. तुम्ही तो भरलेला ब्रेड करा ना, ओव्हनमधला."

फोन स्पीकरवर होता. आईने जपमाळ खाली ठेवली. "जवाईले पाव?" ती म्हणाली. "जवाईले पाव देतस का कोनी?"

ब्रंच या प्रकाराची वकिली पहिल्यांदा केली ती गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने, 1895 साली, 'हंटर्स वीकली' नावाच्या साप्ताहिकात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौज केलेल्या माणसाला रविवारी सकाळी लवकर उठवून छळू नये. त्याला उशिरा उठू द्यावं आणि नाष्टा नि जेवण एकदमच वाढावं. इंग्लंडात हे ठीक आहे. आमच्याकडे शनिवारी निम्म्या गावाला मारुतीचा उपवास असतो. रविवारी पहाटे पाचला त्या लोकांच्या पोटात कावळे ओरडू लागतात. सहाला चहा-खारी, आठला पोहे, बाराला जेवण. साडेदहा ही वेळ कळवणात फक्त एकाच माणसाची असते: उजाडायला शेतात गेलेल्या मजुराची. तो बांधावर बसून भाकरी सोडतो, वर कांदा फोडतो. शनिवारच्या पार्टीतून उठलेला बेरिंजरचा साहेब आणि आमच्याकडची कांदा लावणारी बाई यांची जेवायची वेळ एकच निघावी, याची मला फार गंमत वाटते.

असो. मी निवृत्त माणूस. घरात ओव्हन आहे, तो मुलीनेच घेऊन दिलेला, आणि तो आजवर मुख्यतः कुरडया-पापड सादळू नयेत म्हणून कपाटासारखा वापरला गेला आहे. तो रिकामा केला आणि ईस्ट आणायला निघालो.

"ईस्ट आहे का?"

"ईनो आहे," दुकानदार म्हणाला.

"ईनो नको. ईस्ट. पीठ आंबवायचं."

"सोडा देऊ?"

मी मान हलवली. मग त्याने चष्म्यावरून माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तालुक्याच्या पश्चिमेला मोह भरपूर, त्यामुळे काहीतरी आंबवायचंय म्हणणारा निवृत्त माणूस आमच्याकडे सहज संशयास पात्र होतो. अखेर केकचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात पुडी मिळाली. घेताना मी "जावई येताहेत" असं कारण नसताना सांगितलं, त्याने संशय वाढला असावा.

कृती सोपी आहे. अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम कोरडं ईस्ट, 10 ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे तेल आणि साधारण 300 मिलिलिटर कोमट पाणी. भरपूर मळायचं. मळल्याने मैद्यातली प्रथिनं चिवट जाळं धरतात, ईस्ट पिठातली साखर खाऊन कर्बवायू सोडतं, तो जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. ईस्ट हा जिवंत प्राणी आहे म्हटलं तरी चालेल. पंचवीस-तीस अंशांत तो खुशीत काम करतो, साठ अंशांच्या आसपास मरतो आणि थंडीत झोपून राहतो.

इथेच घोडं अडलं. महिना जानेवारीचा. या दिवसांत निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो आणि त्यावरून आम्ही आमच्या थंडीचा अंदाज बांधतो. पहाटे मळलेला गोळा सात वाजता होता तसाच, गोधडीत गुंडाळला तरी ढिम्म. घरात उबदार जागा शोधायला लागलो. देवघरात समईजवळ? आईने नुसतं पाहिलं, मी पातेलं उचललं. शेवटी ध्यानात आलं, की वीज सतत जाते-येते अशा गावात चोवीस तास उबदार असलेली एकच वस्तू असते: इन्व्हर्टर. त्याच्या डोक्यावर पातेलं, पातेल्यावर गोधडी, आणि गोधडीवर हिने चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. चिठ्ठी आईसाठी होती. आईला वाचायला चष्मा लागतो आणि तो तिला अशा वेळी कधीच सापडत नाही.

तीन दिवस गहू भिजत घालून कुरडयांचा चीक काढण्यात जिचा जन्म गेला, तिला आंबणं म्हणजे काय हे शिकवायला मी मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. मोबाइल म्हणत होता अजून अर्धा तास. आईने झाकण उचललं, नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "आंबनं. आते घे." पीठ दुप्पट झालं होतं. मोबाइल खिशात ठेवला.

आता सारण. कळवणात सारण कशाचं करायचं हा प्रश्नच नाही. किलोभर कांदा उभा चिरून मी कढईत टाकला आणि मंद आचेवर परतत उभा राहिलो. चांगला तांबूस व्हायला पाऊण तास लागतो. मोठ्या आचेवर तो करपतो, गोड होत नाही. तेवढ्यात चुलतभाऊ अण्णा आले. अण्णांचा सगळा संसार कांद्यावर. त्यांनी कढईत पाहिलं.

"कांदा कुठला?"

"बाजारातून आणला."

अण्णा खाली बसले. भावाच्या घरात कांदा विकत येतो, हे त्यांना पावापेक्षा मोठं बाटणं वाटलं. मग त्यांनी भावाची चौकशी केली, म्हणजे कांद्याच्या. माझी अजून केलेली नाही. 2023 च्या 8 डिसेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती 2024 च्या मे महिन्यात उठली. अण्णा स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतात, ही विसरत नाहीत. ती पुन्हा एकदा सांगून झाल्यावर त्यांनी चमच्याने कांदा चाखला आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाले, "हा लाल. याला पाणी फार. या कामाला उन्हाळ कांदा पाहिजे होता. चाळीतला. तो आता संपला, पुढचा लावणीला आहे."

ते अगदी खरं होतं. लाल कांदा रसाळ, टिकत नाही; उन्हाळ कांदा घट्ट, चाळीत चार-सहा महिने राहतो. पावात भरायचं सारण कोरडं नसेल तर तळाचं पीठ भिजतं, बाहेरून भाजलेलं दिसतं आणि आत गचका निघतो. पुस्तकात 'दोन मध्यम कांदे' एवढंच लिहितात. कोणता कांदा, कोणत्या महिन्यातला, हे लिहीत नाहीत. पाककृती लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी आमच्या बाजार समितीत येऊन उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

पाणी आटवायला म्हणून दाण्याचा जाडसर कूट घातला. मग ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, थोडा काळा मसाला. तेवढ्याने भागेना म्हणून आदल्या रात्रीचं वांग्याचं भरीतही हिने पुढे केलं. ते चांगलं काड्यांवर भाजलेलं, धुराच्या वासाचं. हे सारण पूर्ण गार होऊ दिलं. गरम भरलं तर पीठ हातातच सैल पडतं.

भरायचं काम मी मोबाइलमध्ये पाहून करणार होतो, त्यात एक परदेशी गृहस्थ वळकटी, काप, वेणी असं काहीतरी सव्वा तास करत होते. हिने माझ्या हातातून पीठ घेतलं, उंडा केला, बोटाने वाटी केली, सारण घातलं, तोंड मिटलं, ठेवला. पुरणाचा उंडा भरलेला हात तो. त्याला गोड-तिखट सारखंच. दहा मिनिटांत परात भरली. गोळे एकमेकांना खेटून बसले, पुन्हा फुगायला लागले, ओव्हन 200 अंशांवर लावला आणि वीज गेली.

ओव्हन इन्व्हर्टरवर चालत नाही. फुगलेलं पीठ थांबत नाही. वेळ टळली की जाळं फाटतं आणि सगळं खाली बसतं. नाशिकहून निघालेली गाडी वणी ओलांडून नांदुरीला आली होती, तसा फोटोच आला, गडाला हात जोडलेला.

"बेकरीत चला," ही म्हणाली.

ज्यांची दिवाळी अशा गावात गेली आहे त्यांना हे सांगायला नको. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सामान डब्यात घालून बेकरीत न्यायचं, नंबर लावायचा आणि रात्री नानकटाईचा डबा घेऊन यायचं. डब्यावर नाव नसेल तर दुसऱ्याची नानकटाई घरी येते आणि वर्षभर बोलणं बंद होतं. बेकरीची भट्टी विजेवर नाही. विटांच्या घुमटात लाकूड पेटवायचं, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या विटांवर पाव भाजायचा. रात्रीचे पाव निघाल्यावरही विटा सकाळपर्यंत धगधगत असतात.

स्कूटर हिने चालवली. मी मागे, मांडीवर परात, परातीवर पांढरा पंचा. हा पंचाच नडला. चौकात पहिला ओळखीचा भेटला, त्याने गाडीच्या बाजूने चालत विचारलं, "कोण आजारी आहे?" दुसऱ्याने काही विचारलंच नाही, नुसती टोपी काढली. तिसऱ्या बाईंनी हिला सांगितलं, "घाबरू नका, नाशिकला हलवा."

बेकरीतल्या उस्तादांनी पंचा उचलला, एका गोळ्यावर बोट टेकवलं. "थोडा ज्यादा फूल गया, मास्तर. चलेगा." लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने परात आत गेली. काही मिनिटांत सगळ्या गल्लीत कांद्या-लसणाचा वास पसरला. परात बाहेर आली तेव्हा वरून बदामी, कडेला तेल सुटलेलं, दोन-तीन ठिकाणी भरीत फुटून बाहेर डोकावणारं. उस्तादांनी एक उचलला, फोडला, खाल्ला आणि भाजणावळ घ्यायचं नाकारलं. या सगळ्या प्रकरणात जाणकाराने दिलेली पावती ही एवढीच.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. जावईबापू पाटावर बसलेले, समोर ताट. आईने पहाटेच तुरीचं वरण शिजत टाकलं होतं, बट्टी उकडून ठेवली होती आणि वीज गेली त्या क्षणी गॅसवर कढई चढवली होती. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तुपाची धार. हे सगळं ती 'असू द्यावं बाजूला' म्हणून करत होती आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, एका गोळ्यात दुसरा गोळा घालून, आमच्याकडे बट्टी. भाजणं, भरणं, फुगवणं यांतलं कुठलंच काम या बायकांना नवीन नाही. नवीन होतं ते फक्त साडेदहा वाजता जावयाला जेवणाऐवजी काहीतरी तिसरंच देणं, आणि ते आईने होऊ दिलं नाही.

जावईबापूंनी बट्टीवर भरलेले पाव तीन खाल्ले. कन्येने आधी फोटो काढले, मग चार खाल्ले. आईने अर्धा पाव चहात बुडवून चाखला. "वांगं चांगलं शे," म्हणाली. वांग्याभोवतीच्या माझ्या पहाटेपासूनच्या मेहनतीबद्दल तिने काही भाष्य केलं नाही. उरलेले पाव अण्णा फडक्यात बांधून शेतावर घेऊन गेले. तिथे कांदा लावणाऱ्या बायकांनी ते बांधावर बसून संपवले आणि आत मिरची कमी आहे असा निरोप पाठवला. बेरिंजर साहेबांना अपेक्षित असलेली ती पंगत अखेर तिथेच पार पडली, फक्त आदल्या रात्री मौज कोणी केलेली नव्हती.

तुम्ही घरी करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा: कांदा उन्हाळ घ्या, सारण थंड होऊ द्या आणि जवळच्या बेकरीची भट्टी किती वाजेपर्यंत गरम असते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. आणि कळवणात कोणी ब्रंचला बोलावलं, तर निःशंक या. जेवायला थांबा म्हणतील तेव्हा मात्र आढेवेढे घेऊ नका, स्वयंपाक पहाटेच झालेला असतो.