मांजरपाटाची मात्रा

सरकारी नोकरीत ज्यांना सुखाने दिवस काढावयाचे असतात, त्यांना खरे केव्हा बोलावे आणि किती बोलावे याचे तारतम्य असावे लागते. आणि हे तारतम्य ज्यांच्या ठिकाणी औषधालाही सापडत नाही अशा नोकरांत, अंगणवाडीच्या भिंतीवर खिळ्याला लटकणाऱ्या दंडघेराच्या पट्टीचा क्रमांक पहिला लावावा लागेल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या कोणत्याही बालकाच्या डाव्या दंडावर, खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, ही पट्टी गुंडाळावी आणि तिच्या खिडकीतून डोकावणारा रंग वाचावा, एवढाच तिचा शास्त्रार्थ. 125 मिलिमीटर किंवा अधिक भरले तर हिरवा. 115 ते 125 यांच्या दरम्यान पिवळा, म्हणजे दप्तरी भाषेत ‘मॅम’, मध्यम कुपोषित. आणि 115 च्या खाली लाल, म्हणजे ‘सॅम’, अतितीव्र कुपोषित. या वयात दंडाचा घेर फारसा वाढत नसल्यामुळे एकच माप सर्वांना चालते, आणि म्हणून ही पट्टी बालकाची जन्मतारीखसुद्धा विचारीत नाही. ज्या वस्तूला जन्मतारखेवाचून निर्णय देता येतो, तिला शासनव्यवहाराचे ज्ञान ते काय असणार?

पूर्वीची पद्धत किती समंजस होती! वयानुसार वजन पाहून बालकांना पहिल्या ते चौथ्या श्रेणीत बसवीत असत. वजन काट्याच्या हाती असले, तरी वय माणसाच्या हाती असे. कारण मेळघाटातल्या कोरकू आईला आपले पोर पोळ्याच्या आगेमागे झाले याहून अधिक बारीक तपशील ठेवण्याची गरज भासलेली नसे, आणि पोळ्याच्या आधीऐवजी दोन महिने नंतर अशी नोंद केली, की तिसऱ्या श्रेणीतले बालक एक घासही न खाता दुसऱ्या श्रेणीत रुजू होई. पुढे 2006 साली जागतिक आरोग्य संघटनेचे नवे मापदंड आले आणि उंचीनुसार वजन पाहण्याचे फर्मान सुटले. पण त्यातही एक सोय होतीच, की जे मूल वजनाने जितके उणे तितकेच उंचीनेही खुंटलेले असेल, ते दोन्ही बाजूंनी सारखेच तोट्यात असल्यामुळे ‘सर्वसाधारण’ ठरते. पट्टीत असली काही सोय नाही. 1974 साली बगदादचे डॉ. शाकीर आणि त्यांचे सहकारी डॉ. मॉर्ले यांनी तिचा पुरस्कार केला, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी मासिक सभा असते याची कल्पना त्या सज्जनांना नसावी. त्यातून 2009 साली लाल रंगाची हद्द 110 वरून 115 मिलिमीटरवर नेण्यात आली. या पाच मिलिमीटरांनी किती सुस्वभावी अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालांवर बोळा फिरविला असेल, हे तेच जाणोत.

कारण लाल बालक हे एकटे येत नाही. त्याच्यासाठी ग्राम बाल विकास केंद्र उघडावे लागते, दिवसातून अनेक वेळा खाऊ घालावे लागते, वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवावे लागते, आणि प्रकृती बिघडली तर जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह त्याची रवानगी करावी लागते. आई म्हणते, पेरणी तोंडावर आली आहे आणि घरी आणखी दोन लहानगी आहेत. तिला सांगावे लागते, की बुडीत मजुरी मिळेल. ती विचारते, कधी? येथून पुढे पत्रव्यवहार सुरू होतो. हिरव्या बालकाला यांतले काहीच लागत नाही. ते आपले मुकाट्याने हिरवे राहते.

अशा स्थितीत एखादी सेविका, नवखी असते म्हणून किंवा स्वभावानेच नतद्रष्ट म्हणून, पट्टी आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही हा प्रशिक्षणातला धडा अक्षरशः पाळते, आणि गेल्या महिन्यात एक लाल बालक असलेल्या पाड्यावरून सात लाल बालके घेऊन सभेला येते. तिच्या शेजारी बसलेल्या सेविकेकडे शून्य. या दुसरीला दुसरे काही साधले नसले, तरी पट्टी गुंडाळताना आपली करंगळी आत राहू देण्याची कला साधलेली असते. साहेब पहिलीला विचारतात, “बाई, एकाचे सात कसे झाले? महिनाभर तुम्ही काय करीत होता?” बाई म्हणतात, “साहेब, मी मोजत होते.” हे उत्तर उद्धटपणाचे समजून तिच्याकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागविला जातो, आणि सप्टेंबरात पोषण माह साजरा होतो तेव्हा दुसरीला नारळ आणि गुलाबपुष्प मिळते. रोग शोधणाऱ्यालाच रोगाबद्दल जबाबदार धरण्याची ही रीत इतकी सुटसुटीत आहे, की साथीच्या इतर रोगांना ती अद्याप का लागू केली नाही याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

मधूनच एखादे बाहेरचे पथक येते आणि घोटाळा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माणसे 2019 ते 21 या काळात आपले काटे आणि आपल्या फळ्या घेऊन घरोघर हिंडली, आणि महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश आणि 10.9 टक्के अतिकृश असल्याचे सांगून निघून गेली. दर दहांत एकाहून अधिक! आमच्या नोंदवह्यांत इतकी बालके मावत नाहीत. जाणकार सांगतात, की पट्टी आणि उंचीनुसार वजन या दोन कसोट्या नेहमी एकाच बालकावर बोट ठेवीत नाहीत, तेव्हा थोडी तफावत राहणारच. हे खरे आहे, आणि त्या थोडीच्या पोटात किती मावते हेही पाहण्यासारखे आहे. मला स्वतःला त्याहून साधे कारण दिसते. परक्या माणसासमोर मूल अंग चोरते.

तथापि करंगळीवर राज्याचा कारभार चालविणे बरे नव्हे. करंगळ्या सगळ्यांच्या सारख्या नसतात. यासाठी मी शासनापुढे एक नम्र सूचना ठेवीत आहे. पट्ट्या प्लॅस्टिकच्या न करता मांजरपाटाच्या कराव्यात, कोऱ्या कापडावर मिलिमीटर छापून घ्यावेत, आणि वाटपापूर्वी प्रत्येक पट्टी कढत पाण्यातून एकवार काढावी. मांजरपाट आटतो हे कोणतीही गृहिणी सांगेल. कापडाबरोबर त्यावरचे मिलिमीटरही आटतील, आणि काल 112 भरलेला दंड आज कोणाच्याही सद्सद्विवेकाला तसदी न देता 125 भरेल. या सूचनेला पूर्वाधार नाही असेही नाही. पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली उतरली तर टंचाई मान्य करावी लागे, म्हणून नजरअंदाजात पीक कसे उभे करावे हे शास्त्र महसूल खात्याला चांगले अवगत आहे, आणि करपलेल्या ज्वारीला जो न्याय तो पोराला नाकारणे योग्य होणार नाही.

काही बालकांना मांजरपाटाचीही गरज लागणार नाही. ज्याच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबले असता खळगा तसाच राहतो, ते मूल पट्टीने किंवा काट्याने काहीही दाखविले तरी अतितीव्र कुपोषित समजावे, असे शास्त्र सांगते. पण ही सूज पाण्याची असते आणि पाण्याला वजन असते, त्यामुळे पावले दाबून पाहण्याची घाई न केल्यास काट्यावर हे मूल महिन्याकाठी चांगले बाळसे धरताना दिसते. आणखी काही बालके दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्यांचे नाव नसते, म्हणजे ज्या महिन्यांत ती सर्वांत कमी जेवतात त्या महिन्यांत ती कोठेच कुपोषित नसतात. उरलेल्यांपैकी जी दगावतात, ती न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची दगावलेली बालके 1992 साली वर्तमानपत्रांत आली, तेव्हापासून मृत्यूच्या कारणात भूक लिहिण्याइतके बेसावध कोणी राहिलेले नाही.

माझी सूचना एका परिचित कारकुनाने तत्त्वतः मान्य केली असून अडचण एकच काढली आहे. पट्टी जिल्ह्याला धुतली, तर धुलाईच्या निविदेत वर्ष जाईल. म्हणून ती जागच्या जागी अंगणवाडीतच धुवावी, हे उत्तम. परंतु पाड्यावरच्या अंगणवाडीत नळ नाही, आणि सेविकेने कोसभरावरून हंडा आणला, तर ते पाणी पट्टीसाठी वापरावे की खिचडीसाठी, याविषयी पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय मागवावा लागेल. तो आला, की प्रकरण वित्त विभागाकडे जाईल.