चवडेकाका

डायमंड गार्डनमध्ये सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत प्रत्येकाकडे काही ना काही आहे. शुगर, बीपी, गुडघे. घोरणं तर कुणी आजारात धरतही नाही. या गर्दीत आपलं म्हणून एखादं वेगळं दुखणं असावं, ही इच्छा फार थोड्यांची पुरी होते. चवडेकाकांची झाली. त्यांना मॉर्टन्स न्यूरोमा झाला.

चवडे हे त्यांचं आडनाव नव्हे, ती पदवी आहे आणि ती बागेनं दिली आहे.

निवृत्तीनंतर चालायचं ठरलं तेव्हा काकांनी सेलमध्ये निमुळत्या तोंडाचे, एक नंबर लहान बूट घेतले. ‘वापरून सैल होतात’ हा आपला राष्ट्रीय समज. बूट काही सैल झाले नाहीत. महिन्याभरात चवड्याखाली खडा टोचायला लागला. दर फेरीला काका बाकावर बसून बूट झटकायचे, पण खडा पडायचा नाही. पुढे तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या आल्या, मग विजेसारखी कळ. कुणी युरिक ॲसिड म्हणालं, कुणी वात. शेवटी एका डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी पकडून दाबला आणि आतून ‘टक्’ झालं. याला मुल्डरची खूण म्हणतात. त्या टक्‌सरशी काकांची आयुष्यातली खरी नोकरी सुरू झाली.

तेव्हापासून ‘काय काका, कसं काय?’ या प्रश्नाचं उत्तर 1876 पासून सुरू होतं. त्या साली फिलाडेल्फियाच्या मॉर्टनसाहेबांनी या दुखण्यावर लिहिलं. ऐकणारा लगेच सटकला नाही, तर काका आणखी मागे जातात: ‘खरं म्हणजे 1845 मध्येच ड्युरलाखरनं लिहून ठेवलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या पायांची निगा राखायचा तो!’ हे सांगताना काकांच्या आणि राणीच्या पायांत फारसं अंतर उरत नाही. मग ते धीर देतात, ‘नावावर जाऊ नका, ही कॅन्सरची गाठ नाही. नसेभोवतीचं आवरण जाड होतं, इतकंच.’ घाबरलेलं कुणीच नसतं.

पण त्यांचा खरा जीव आहे सुकतळ्यात. मापाचा, खास बनवून घेतलेला. मऊ फोमच्या डब्यात पाय रुतवून ठसा कसा घेतला, हे ते स्वतःच्या लग्नापेक्षा तपशिलानं सांगतात. त्यातला उंचवटा दुखतं तिथे नसतो, जरासा मागे असतो. बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची टोकं त्यानं किंचित फाकतात आणि मधे चेंगरलेल्या नसेला जागा मिळते. तोच उंचवटा चुकून पुढे सरकला, तर कळ दुप्पट. आणि बूट पुढून ऐसपैस हवेत, नाहीतर सुकतळा घालून उलट गर्दीच वाढते. हे सगळं बरोबर आहे, हीच तर पंचाईत. माणूस चुकीचं सांगत असेल तर त्याला थांबवता तरी येतं.

काही आठवड्यांत काकांचं दुखणं थांबलं. दुसरा असता तर विसरला असता. काकांनी मात्र दुसऱ्यांचे पाय बघायला घेतले. चेंबूर स्टेशनच्या पुलावर उभं राहून ते टोकदार चपलांकडे बघत हळहळतात. एकदा एका बाईंनी त्यांना फटकारून नजर वर करायला लावली. एरवी पुरुषांना उलट सांगावं लागतं. खर्चाचं नाव काढणाऱ्याला ते हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेचा पत्ता देतात, कोणती बस पकडायची तेही सांगतात.

सत्यनारायणाला गेले की चपलांच्या ढिगात बूट सोडतात, पण सुकतळे काढून शबनममध्ये. तीर्थप्रसाद घेताना पिशवी काखेत घट्ट. मागल्या पावसात पोस्टल कॉलनीत पाणी भरलं, तेव्हा काका दोन्ही सुकतळे डोक्यावर धरून वसुदेवासारखे पलीकडे गेले. बूट वाहून गेले तरी चालणार होते.

या संसारात काकू फारशा बोलत नाहीत. चेंबूर ते व्हीटी अशी हार्बरवर उभ्यानं नोकरी आणि उरलेला वेळ ओट्याशी, यात त्यांचेही चवडे कधीचे दुखत होते. हे दुखणं बायकांत जास्त, हे काका बागेत सगळ्यांना सांगत, घरी सांगायचं राहून गेलं. काकूंनी आपलं मेडिकलच्या दुकानातून चवड्याखाली घालायची तयार गादी आणली, काकांच्या तोंडून पाठ झाल्याप्रमाणे जरा मागे सरकवून सॅन्डलमध्ये चिकटवली आणि पंधरा दिवसांनी भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या, ‘अहो, माझी कळ गेली बरं का.’

काकांचा चेहरा पडला. बागेत येऊन त्यांनी झाला प्रकार आम्हाला सांगितला, तोही कधी नव्हे ते 1876 वगळून. ‘ना ठसा, ना तपासणी, ना माप! मी तिला स्पष्ट सांगितलं, असं बरं वाटूच शकत नाही.’

‘मग काकू काय म्हणाल्या?’

‘म्हणाली, माझ्या पायाला ते कुठे माहितीये?’