डाव्या पायाचे संस्कार

आपल्याकडे डाव्या पायाला मान नाही. नवी सून माप ओलांडते ती उजव्या पायाने, देवळाची पायरी चढायची तीही उजव्याच. ही उपेक्षा भरून निघते ती ट्रकच्या केबिनमध्ये. तिथे भरलेली दहाचाकी, कायद्याने २८.५ टनांपर्यंत, याच पायाच्या मर्जीने हलते. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. किनाऱ्यावरच्या गावांचा त्याला किती विरोध होता हे सर्वांना ठाऊक आहे. बंदराच्या कामावर येणाऱ्या डंपरने मात्र कुणाचं मत विचारलेलं नाही; त्याला फक्त ड्रायव्हर हवा. तेव्हा त्याच किनाऱ्यावरच्या वरोर गावातल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

पात्रता: वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना. ते आरटीओ बघेल, आपण पाय बघू.

चावी फिरवल्यावर लगेच निघू नये. ब्रेकच्या टाक्यांत हवा भरेपर्यंत गाडी तशीही हलणार नाही. ही सोय खास उतावळ्यांसाठी आहे. मग क्लच पूर्ण दाबावा, सर्वांत खालचा गिअर टाकावा आणि उजव्या पायाला आवरावं. सपाटीवर डिझेल इंजिन एक्सिलेटरशिवायही लोड उचलतं, यावर नवशिक्याचा विश्वास बसत नाही. पेडल हळूहळू सोडा. केबिन थरथरली की क्लच पकडू लागला. तिथे क्षणभर थांबा, गाडी सरकू द्या, मग पाय पूर्ण वर आणा आणि पेडलवरून उचलून बाजूला फळीवर ठेवा. शेवटची पायरीच कुणी करत नाही. पेडलवर पाय विसावलेला असला की रिलीज बेअरिंग उगाच फिरत राहतं आणि प्लेट घसरते. हवेच्या बूस्टरमुळे पेडल हलकं लागतं, म्हणून शिष्याला गाडीही हलकी वाटते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मधली क्लचप्लेट मात्र भ्रमात नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सचा वेग जुळेपर्यंतचं सगळं घासणं तिच्या अंगावर, आणि त्याची उष्णताही. उस्ताद यावर व्याख्यान देत नाही. जळका वास आला की तो फक्त काच खाली करतो.

मेंढवण खिंडीच्या चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणारे महाभाग भेटतील. बघायला छान वाटतं, पण ते काम हँडब्रेकचं आहे आणि तो प्लेटपेक्षा स्वस्त पडतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे दुसरे. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये एक्सिलेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन ते पीतच राहतं, वर इंजिनाची ओढही जाते आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. उतारावर क्लचला हात लावू नये, म्हणजे पाय.

जुन्या गाडीत डबल क्लच: दाबा, न्यूट्रल, सोडा, पुन्हा दाबा, गिअर. खालचा गिअर घेताना न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवाज थोडा चढवा. दात वाजले तर उस्तादाकडे बघू नये.

खरी परीक्षा महामार्गावर. घोडबंदर ते आच्छाड काँक्रिटीकरण निघालं तेव्हा तिथल्या कोंडीने भल्याभल्यांच्या प्लेटा खाल्ल्या. उपाय सोपा आहे: पुढच्या गाडीपासून मोठं अंतर ठेवा, पहिल्या गिअरवर क्लच सोडून इंजिनाला स्वतःच्या चालीने रांगू द्या. त्या अंतरात एक रिक्षा शिरेल, तिच्यामागे दुसरी. त्यांना शिरू द्या. प्रत्येक रिक्षामागे दाबलेला क्लच तुमच्या मालकाच्या खिशातून जातो, रिक्षावाल्याच्या नाही. मागचा हॉर्न वाजवेल; त्याला आपल्या प्लेटची किंमत माहीत नसते.

अंतिम परीक्षा: वरोरहून चिंचणी-वाणगावमार्गे चारोटी नाक्यापर्यंत. शेजारी क्लीनरला झोपवावं. तो दचकून उठला तर नापास. नाक्यावर पोचेपर्यंत घोरत राहिला तर पास, मात्र त्याला उठवून तसं सांगितलं, तर तो विचारेल, "निघालो का आपण?"