आठशे एक्याण्णव, पुढे दशांश
अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली ग्रंथालयांसाठी ज्ञानाची दशांशात वाटणी केली. इंग्रजी साहित्याला ८२० हा सुटसुटीत वर्गांक मिळाला. मराठीच्या वाट्याला पुढे ८९१.४६ आला, म्हणजे ‘इतर’ भाषांच्या गर्दीतली दशांशचिन्हापलीकडची जागा. धर्मांचेही तेच: २२० ते २८० बायबल आणि ख्रिस्ती धर्म, उरलेले सगळे जग २९० मध्ये. ग्रंथपाल म्हणतील, पुस्तकावरचा हा बोधांक ते सापडावे म्हणून असतो, मानपानासाठी नव्हे. कबूल. पण मराठी वाचनालयात कथा-कादंबरीच्या एकूण एक पुस्तकावर ८९१.४६३ चिकटवलेले असेल, तर त्या आकड्याने सापडते काय? शोधण्याचे खरे काम त्याखालचे लेखकाचे अक्षरच करते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये ड्यूईला पर्याय म्हणून द्विबिंदू वर्गीकरण दिले. ते आपण परीक्षेपुरते पाठ केले, आणि पुस्तकांवर बहुतेक ठिकाणी ड्यूईच चिकटवला.