सोर्स मिळेल का?

सगळं जग ज्या प्रोसेसरवर सुखानं नांदतं तो सोडून भलताच प्रोसेसर घरात आणणारी एक जमात आहे. पुण्यात ती जरा जास्त आढळते, कारण इथे बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो आणि निवृत्त इंजिनिअर बारा महिने भरलेले असतात.

अशा गृहस्थाला सोसायटीत ‘काका’ म्हणतात. काकांकडे ॲपलचं जुनं आयबुक जी-फोर असतं. ॲपलनं 2006 साली पॉवरपीसीला वाऱ्यावर सोडून इंटेलशी घरोबा केला, तेव्हा टाकलेल्याला काकांनी थारा दिला. त्यावर लिनक्स चालतं, असं काका म्हणतात. बघणाऱ्याला ते कायम बसवताना दिसतं, चालताना कुणी पाहिलेलं नाही.

एरवी डेबियन लिनक्सवर पॅकेज बसवणं एका ओळीचं काम. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ लिहायचं, पुढे नाव टाकायचं, एंटर मारून चहाला जायचं. भांडारात 60,000 हून जास्त पॅकेजेस तयार पडलेली असतात. पण ती प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधावी लागतात, आणि 32 बिटी पॉवरपीसीसाठी अधिकृत आवृत्ती निघाली ती 2015 ची आठवी, शेवटची. पुढचा कारभार हौशी मंडळींच्या हाती. त्या मंडळींना सवड होईपर्यंत काकांचा चहा होतो, जेवण होतं, वामकुक्षीही होते.

मध्यंतरी सोसायटीची मीटिंग ऑनलाइन घ्यायचं ठरलं. चेअरमननी ॲपची लिंक पाठवून वर फोनही केला, “काका, लिनक्ससाठीसुद्धा आहे हं!” काकांनी फाइल उतरवली. कॉम्प्युटर म्हणाला, पॅकेज एएमडी-64 चं, सिस्टिम पॉवरपीसी, पत्रिका जुळत नाही. (शेवटचे तीन शब्द काकांचे.)

“आमच्याकडे इंटेल चालत नाही,” काकांनी चेअरमनना कळवलं. “त्यांच्याकडून सोर्स मिळेल का? मी घरी कंपाइल करून घेतो.”

“काका, विषय गच्चीवरच्या टाकीचा आहे. तुम्ही काकूंच्या फोनवरून या ना.”

काकूंच्या फोनमध्येही इंटेल नाही, आर्म आहे. तरी काकू बोट टेकवतात आणि ॲप बसतं. याला काका ‘आयतं खाणं’ म्हणतात.

काकांचं खरं वैभव बघायचं तर कंपाइल चालू असताना जावं. आयबुक पाटावर ठेवलेलं असतं, शेजारी टेबलफॅन, पडद्यावर भराभर ओळी वर सरकत असतात आणि डावीकडे 47 टक्क्यांचा आकडा मुक्कामाला आलेला असतो. काका खालच्या आवाजात सांगतात, “गुरुवारी वीज गेली तेव्हा 93 वर होतं.”

हे सगळं कशासाठी, तर फोटो बघायच्या एका प्रोग्रामसाठी. त्याला एसव्हीजी चित्रं काढणारी लायब्ररी लागते. ती आधी निव्वळ ‘सी’मध्ये होती, 2017 पासून तिच्यात रस्ट भाषा शिरली. म्हणजे रस्टचा कंपायलर आला. तो स्वतः रस्टमध्येच लिहिलेला, म्हणून तो बांधायला आधी रस्टचाच कंपायलर हवा. मग रात्री मुलगी झोपली की काका तिचा इंटेलवाला लॅपटॉप हळूच उचलतात आणि त्यावर पॉवरपीसीचा माल बांधून आणतात. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. सोवळ्याला हे चालतं.

2021 मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीनंही रस्ट घेतलं. अल्फा आणि एचपीपीए हे प्रोसेसर सांभाळणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण त्यांच्यापर्यंत रस्ट पोचलेलंच नव्हतं. काकांकडे ना अल्फा, ना एचपीपीए. तरी त्या दिवशी त्यांनी गोड खाल्लं नाही.

काकांचा प्रोसेसर बिग-एंडियन. संख्येचा थोरला भाग मेमरीत आधी ठेवतो, इंटेल धाकटा आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’ला ‘वीस पाच’ म्हणायची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. आमच्या सोसायटीत पाठिंबा एकट्या काकांचा. “थोरला आधी, हेच बरोबर! इतकी शतकं मराठी माणूस लिटल-एंडियन बोलत आला, म्हणून तर इंटेलच्या नादी लागला!”

हसायला हरकत नाही, पण या जमातीचे उपकार आहेत. प्रोग्राममधली चूक इंटेलवर वर्षानुवर्षं दडून राहू शकते, कारण वाकड्या पत्त्यावरचा डेटाही इंटेल बिनतक्रार वाचतं. स्पार्क प्रोसेसर तिथल्या तिथे प्रोग्राम पाडतो. मग कुठला तरी काका रात्र जागून एका ओळीची दुरुस्ती पाठवतो, आणि त्याचा फायदा ज्यांनी स्पार्कचं नावही ऐकलेलं नाही त्यांना होतो.

परवा पुतण्यानं काकांना रिस्क-फाइव्हचा बोर्ड आणून दिला. ही खुली रचना, आपल्या सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसरही त्यातलेच. काकांनी बाह्या सरसावल्या. पण ऑगस्ट 2025 मध्ये डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनं रिस्क-फाइव्हला अधिकृत करून टाकलेलं. काकांनी कमांड दिली, पॅकेज बसलं. दुसरी दिली, तेही बसलं.

“काय झालं हो?” चेहरा बघून काकूंनी विचारलं.

“सगळं चालतंय,” काका खचलेल्या आवाजात म्हणाले.

संध्याकाळी बोर्ड पुतण्याकडे परत गेला आणि काकांनी आयटेनियमच्या जुन्या सर्व्हरसाठी फोनाफोनी सुरू केली.

“अहो, पण आयटेनियम इंटेलचाच ना? आपल्याकडे चालत नाही ना इंटेल?”

“याला लिनक्सच्या कर्नलनंसुद्धा 6.7 पासून काढून टाकलंय,” काका खुलले. “हे इंटेल चालतं.”